न चाखलेली कढी

महालक्ष्म्यांच्या जेवणात मीठ किती पडलं, हे रांधणाऱ्या बाईला चाखून बघता येत नाही. नैवेद्याच्या आधी जिभेला लागलं की ते उष्टं झालं. ज्यांच्या घरी महालक्ष्म्या बसत नाहीत त्यांच्यासाठी हे सांगते. भाद्रपदात देवी तीन दिवस घरी येते आणि मधल्या दिवशी तिचं जेवण असतं. पुरणपोळी, ज्वारीची आंबील, सोळा भाज्यांची मिळून एक भाजी, पडवळ घातलेली कढी, वडे, भजी, चटण्या. पन्नास-साठ माणसं पंगतीला बसतात आणि त्यातलं काहीही कोणी आधी चाखलेलं नसतं. रायपूरच्या मराठी घरांत हे जेवण मी तीसेक वर्षांपासून रांधते आहे.

मग मीठ कळतं कसं? हाताला कळतं आणि नाकाला कळतं. मुद्दाम नाक खुपसून हुंगायचं नाही, तेही उष्ट्यातच धरतात. पण वाफ आपसूक नाकात शिरते, तिला कोण अडवणार. मीठ न पडलेल्या कढीचा वास कच्चा, दुधासारखा येतो. मीठ पडलं की तो खाली बसतो. हे मला कोणी शिकवलं नाही. मी चौथीपर्यंत शिकले, पुढचं सगळं चुलीजवळ.

मी हे काम का धरलं, असं विचारलं तर पहिल्या वर्षांचं उत्तर सोपं आहे. मालक रेल्वेत होते, पोरं लहान होती, पगार पुरत नव्हता. पुढे मालक गेले, तेव्हा तर विचारायलाच नको. त्यानंतर मुलगा शहराबाहेरच्या उरला वसाहतीतल्या कारखान्यात लागला, घर चालायला लागलं, तरी मी जात राहिले. कोणी विचारलं, काहून जाता आता, तर म्हणायची, सवय. भक्ती म्हणून मी गेले नाही. मी विधवा. हळदीकुंकवाचं ताट फिरतं तेव्हा ते मला चुकवून पुढे जातं, पण पुरण माझ्याच हातचं लागतं. मला त्याचा राग नाही. पण भक्तीने जाते असं कोणी म्हटलं तर ते खोटं आहे.

मागच्या वर्षी आषाढात मला मोठा ताप आला. आठ-दहा दिवस पडून होते. उठले त्याच आठवड्यात एका सकाळी नात धावत स्वयंपाकघरात आली आणि तिने गॅस बंद केला. मी शेगडीसमोर उभी होते आणि माझ्यासमोर वरण जळून काळं झालं होतं. मला वास आला नाही.

मी हिंग उघडून नाकाशी धरला. काही नाही. कापूर धरला. नुसतं थंड लागलं. घरी कोणाला सांगितलं नाही. नातीला म्हटलं, माझं लक्ष नव्हतं. ती म्हणाली, "आजी, अब छोड़ दो ना ये सब." तिला मराठी सगळी कळते, बोलते मात्र हिंदीत. मी म्हटलं, झेपेनासं झालं की सोडीन.

खरं तर तेव्हाच सोडायला हवं होतं. चौबे कॉलनीतल्या वहिनींचा फोन आला होता. त्यांच्याकडे मी पहिल्यापासून जाते. वहिनी आणि त्यांचे मालक दोघंही माझ्याच वयाचे, त्यांच्या मालकांना मी भाऊ म्हणते. भाऊंना दोन वर्षांपूर्वी रक्तदाबाने दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. तेव्हापासून त्यांचं जेवण जवळजवळ अळणी. पण महालक्ष्म्यांच्या दिवशी वेगळं ताट करत नाहीत, प्रसाद सगळ्यांना सारखा. मला हे सगळं माहीत होतं. तरी फोनवर मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण सांगावं लागलं असतं, आणि ते सांगितलं असतं तर त्या दिवसापासून माझी म्हणून काही गोष्टच उरली नसती. मी घाबरले होते. हे आता लिहिते, तेव्हा मनातही म्हटलं नव्हतं.

त्या दिवशी पहाटे गेले. आदल्या दिवशी उंच काठीवर वाळत घातलेलं लुगडं नेसले. सोवळं नेसलं की नैवेद्य होईपर्यंत कोणी शिवायचं नाही. दर वर्षी मला सकाळी एक सुरसुरी असते, त्या दिवशी नुसती भीती होती. नाक नाही तर हाताने करू, असं ठरवलं. मीठ मुठीने घ्यायचं, टाकायचं, तोंडाने म्हणायचं, पडलं. आंबिलीला पडलं. भाजीला पडलं. दुपारपर्यंत ते जमलं.

कढी उकळायला आली. मी डब्यातून मूठभर मीठ घेतलं आणि वळले, तर स्वयंपाकघराच्या दारातून वहिनींची धाकटी सून आत येत होती. ती त्या वर्षी नवीन आलेली, इथल्याच छत्तीसगढी घरची. त्यांच्याकडे मोठं माणूस दिसलं की पाया पडायचं, ते कुठे आहे, काय करतंय हे बघायचं नाही. ती डोक्यावर पदर घेऊन वाकली.

"पांव परत हंव, दाई." त्यांच्यात दाई म्हणजे आई.

"शिवू नको," मी ओरडले आणि मागे सरकले. दोन्ही हात वर. पाठ फडताळाला लागली, वरची झाकणं खाली पडली. ती पोरगी घाबरून तिथेच बसली. वहिनी धावत आल्या, तिला बाजूला नेलं, समजावलं. मला शिवलं नव्हतं, चार बोटांवरून वाचले होते.

मी वळून कढीकडे पाहिलं. मूठ रिकामी होती. जमिनीवर मिठाचे थोडे कण होते. थोडेच होते. मूठभर खाली पडलं असतं तर इतकेच दिसले असते का? की आधी कढीत पडलं आणि हाताला चिकटलेलं तेवढं खाली सांडलं? पडलं असं मी तोंडाने म्हटलं होतं का? मी ओरडले होते एवढंच आठवत होतं.

कढी उकळत होती. वाफ तोंडावर येत होती आणि तिला कसलाच वास नव्हता. पळी हातात होती. एक थेंब तळहातावर घेऊन जीभ लावली असती तर प्रश्न मिटला असता. कोणी बघत नव्हतं. मी देवाला भिऊन थांबले असं नाही. तीस वर्षं मी जे केलं नाही ते आज चोरून केलं, तर पुढच्या प्रत्येक पदार्थाला करीन, हे मला कळत होतं. मग माझ्यात आणि कुठल्याही केटररच्या माणसात फरक काय राहिला.

अळणी कढी बाहेर जाणं ही मोठी नामुष्की, असं मला वाटलं. मी आणखी एक मूठ टाकली.

नैवेद्य झाला, पंगत बसली. मी स्वयंपाकघराच्या दाराआडून बघत होते. वाढणाऱ्या बायका कढी घेऊन गेल्या. कोणाच्या तोंडावरून काही कळेना. लोक जेवत होते, बोलत होते. पण पाण्याचे तांबे भरायला वाढणाऱ्या बायका फार लवकर परत येत होत्या. एकदा आल्या, दोनदा आल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी भाऊंना शोधलं. भाऊ भिंतीशी पहिल्या पाटावर बसले होते. त्यांनी कढी मागून घेतली. परत मागितली. तिसऱ्यांदा वाटी पुढे केली तेव्हा मी दारातून पाऊल बाहेर टाकलं होतं. काय सांगणार होते? देवीच्या प्रसादाला हात लावू नका? मी पाऊल मागे घेतलं.

सगळ्यांचं झाल्यावर मी जेवते. वास गेला तरी खारट-गोड जिभेला कळतं. कढीचा पहिला घोट घेतला आणि तो गिळता आला नाही. दोन मुठी पडल्या होत्या. माझी वाटी सोडली तर पातेलं मात्र पुसून रिकामं होतं. साठ माणसांनी ते पिऊन संपवलं आणि एकाने हू की चू केलं नाही, कारण प्रसादाला नाव ठेवत नाहीत.

वहिनी नारळ आणि लुगडं घेऊन आल्या आणि दर वर्षी म्हणतात तेच म्हणाल्या, "बाई, सगळं छान झालं."

ई-रिक्षात मी ते वाक्य परत परत ऐकत होते. तीस वर्षं हेच वाक्य. आज कढी तोंडात धरवत नव्हती आणि आजही तेच. म्हणजे आधीच्या तीस वर्षांचं काय? तेव्हाही लोक असंच गिळत होते का? आधी चाखायचं नाही, नंतर बोलायचं नाही. मी बरं रांधते की वाईट, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. सवय म्हणून जाते म्हणायची, पण आत कुठेतरी धरून होते की आपलं चांगलं होतं, म्हणून बोलावतात. ते त्या रिक्षात गेलं.

आणि त्याच्या वर भाऊ. तीन वाट्या.

घरी फोन समोर ठेवून बसले. तो वाजला की भीती वाटायची आणि नाही वाजला की जास्त. मुलाने विचारलं, बरं नाही का. मी म्हटलं, थकले. सकाळी भाकरी तशीच ठेवली. शेवटी झारा विसरला असं घरात सांगून निघाले. झारा माझ्या पिशवीतच होता.

वहिनींच्या फाटकाशी चपलांचा ढीग होता. विसर्जनाचा दिवस, माणसं येणारच, तरी त्या चपला बघून मी तिथेच थांबले. धाकटी सून दारात भेटली. डोळे सुजलेले. मला वाटलं, झालं. तिने मला कोपऱ्यात नेलं आणि सांगितलं की काल तिच्यामुळे सोवळं बिघडलं, देवी कोपेल का, असं तिला वाटून राहिलं आहे. मी विचारलं, भाऊ कुठे. तिने परसदारच्या व्हरांड्यात बोट दाखवलं.

भाऊ खुर्चीत बसले होते. दंडाला रक्तदाब मोजायची पट्टी, आणि वहिनी चष्मा लावून यंत्रावरचे आकडे बघत होत्या. चेहरा चिंतेचा. मी तिथेच खांबाला धरून उभी राहिले.

"थोडं वाढलंच आहे," वहिनी म्हणाल्या.

भाऊंनी मला पाहिलं. "बाई, कढी खारट होती."

"प्रसादाले असं म्हणतात का?" वहिनी त्यांच्यावर घसरल्या.

"प्रसाद काल होता. आज मी कढीचं बोलून राहिलो."

माझ्या तोंडून भलतंच निघालं. "मग तीनदा काहून घेतली?"

"दोन वर्षांपासून ही मले गवत चारून राहिली," ते म्हणाले. "काल जीभ जागी झाली."

मी हसले नाही. मी पायरीवर बसले आणि सांगून टाकलं. आषाढापासून नाकाला वास नाही. मूठ पडली की नाही ते कळलं नाही. तुमच्या तब्येतीचं माहीत असून आले, सांगितलं नाही, तुम्हाला काही झालं असतं तर ते माझ्यामुळे. यापुढे येणार नाही. मला रडू वगैरे आलं नाही.

भाऊ म्हणाले की दोष तिसऱ्या वाटीचा आहे आणि ती त्यांनी स्वतः मागितली. वहिनींनी त्यावर त्यांच्या दंडाची पट्टी ओढून काढली. मग वहिनी माझ्याकडे वळल्या.

"तुमचं काही इकडेतिकडे झालं की आम्हाले कळते, बाई. पाहुणे गेले की आम्ही दोघं दर वर्षी बोलतो."

"काय बोलता?"

"हेच. काय जमलं, काय नाही."

"दर वर्षी?"

त्या ओशाळल्या. पण मी सोडलं नाही, सगळं सांगायला लावलं. तुमच्या मुलाच्या लग्नाच्या वर्षी वडे आतून कच्चे होते, तुम्हाले घाई होती. मागे एकदा आंबील इतकी आंबट होती की भाऊंचे दात शिवशिवले. पुरण मात्र एकदाही सैल नाही, हे दोघंही एकदम म्हणाले. पोळी अशी दुसरीकडे मिळत नाही, म्हणून थोरली मुलगी दर वर्षी सासरहून याच दिवशी येते आणि येता-जाता पोळीच मोजते, देवीकडे बघतही नाही. ज्या वर्षी माझे मालक गेले त्या वर्षी वड्यांत मिरी दुप्पट पडली होती.

"आम्ही दोघं म्हणालो, बाई रडता रडता करून राहिल्या असतील," वहिनी म्हणाल्या.

"रडत नव्हते. मिरी जुनी होती, म्हणून जास्त टाकली."

"मग फारच जास्त टाकली," भाऊ म्हणाले.

मला राग आला. तीस वर्षं माझ्या पाठीमागे या दोघांनी माझ्या वड्यांचा पंचनामा केला आणि तोंडावर, सगळं छान झालं. मी तसं बोलून दाखवलं. वहिनी म्हणाल्या, देवीचं जेवण, कसं सांगावं. मी म्हटलं, देवीचं जेवण देवी जेवली, उरलेलं तुम्ही जेवलात, तुम्ही तरी सांगायचं. आणि उठून आले. झारा मागायचंही विसरले. मुलाने फोनवर झाऱ्याचं विचारलं, म्हणून वहिनी नंतर दोन दिवस तो शोधत होत्या.

पण त्या दिवशी घरी येऊन मी भाकरी खाल्ली. पोट भरून खाल्ली.

नंतर कित्येक दिवस मी त्या यादीवर विचार करत होते. कच्चे वडे, आंबट आंबील, मिरी. मला स्वतःलाही आठवत नव्हतं ते त्यांना आठवत होतं. म्हणजे त्यांनी गिळलं नव्हतं, जेवले होते. पुरण सैल नाही म्हणाले ते मी खरं धरू शकत होते, कारण वड्यांना कच्चे म्हणणाऱ्या तोंडातून ते आलं होतं. पैसा आता कारण नव्हता, भक्ती कधीच नव्हती, सवय तर ताप आला तेव्हाच मोडली होती. पण कोणीतरी इतकं लक्ष देऊन जेवतं, हे कारण मला चालण्यासारखं होतं.

नाक मात्र परत आलं नाही. अधूनमधून कांद्याचा वास आल्यासारखा वाटतो, कांदा घरात नसतानाही.

या वर्षी श्रावण संपता संपता वहिनी स्वतः आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, आल्या. मी तीन गोष्टी सांगितल्या. मिठाच्या वाट्या आदल्या दिवशीच काढून ठेवायच्या, प्रत्येक पदार्थाची वेगळी, ओळीने. मीठ टाकलं की वाटी पालथी. कोणी पाया पडायला येवो की घर कोसळो, वाटी बघितली की कळलं. दुसरं, धाकट्या सुनेने उंबऱ्याबाहेर बसायचं आणि काही करपलं तर ओरडायचं. आणि तिसरं, पाहुणे गेले की जे बोलायचं ते माझ्यासमोर. वहिनी म्हणाल्या, तिसरं जरा कठीण आहे. मी म्हटलं, मग केटररला बोलवा.

आणि चौथी गोष्ट मी भाऊंसाठी सांगितली. कढी एक वाटी, जास्त नाही. ती वहिनींना फार आवडली.

जेवणाच्या दिवशी भीती तीच होती. ती गेली नाही, आता जाणार नाही. बारा वाट्या ओळीने होत्या आणि मी प्रत्येक पालथी करताना दोनदा बघत होते, मग तिसऱ्यांदा. सुनेने दोनदा ओरडून सांगितलं, "दाई, जरत हे," एकदा खरं करपत होतं, एकदा शेजारच्या घरचं. पंगतीत पाण्याचे तांबे मी मोजले. जास्त वाटले नाहीत, पण माझा माझ्यावर भरवसा नव्हता.

पाहुणे गेले. मी स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर बसले. भाऊ समोर खुर्चीत, वहिनी सुपारी कातरत. चौथीच्या परीक्षेतही मी इतकी घाबरले नव्हते.

"सांगा," मी म्हटलं.

भाऊंनी घसा साफ केला. कढी बरोबर होती, असं म्हणाले, एकच वाटी मिळाली त्यामुळे जास्त सांगता येत नाही. पोळी नेहमीसारखी. मग थांबले आणि वहिनींकडे बघितलं.

"चटणी अळणी होती."

मी मागे वळून ओळ पाहिली. बाराच्या बारा वाट्या पालथ्या. "चटणीत मीठ पडलं आहे. तुमच्या जिभेचं काही खरं नाही, भाऊ."

वहिनींनी अडकित्ता खाली ठेवला. "अळणीच होती, बाई."

मी उठून चटणीची वाटी उचलली. सगळ्यात लहान वाटी, आणि चटणी होती साठ माणसांची. ही चूक नाकाची नव्हती. वाटी मीच निवडली होती. मी ती वहिनींच्या हातात दिली.

घरी आल्यावर नातीने विचारलं, "अब तो बस ना, आजी? अगले साल नहीं?" मी म्हटलं, उद्या गोल बाजारात चल माझ्यासोबत, एक वाटी घ्यायची आहे. मोठी.